न दिसणारा सहाध्यायी

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, 20-25 किलोमीटर दक्षिणेस, ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. महाराष्ट्रात त्याचे नाव ऐकलेले लोक थोडेच असतील. परंतु मराठी माणसाचे या गावाशी जुने नाते आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे 1798 ते 1832 पर्यंत गादीवर होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे एक विस्तीर्ण छत्र उभारले आणि त्यास मुक्तांबाळ हिचे नाव दिले. मुक्तांबाळ ही राजांची प्रिय सखी. आपल्या नावे अन्नदान चालावे ही तिची अखेरची इच्छा होती, असे परंपरा सांगते.

तंजावर राज्यातील ही छत्रे केवळ पथिकांच्या जेवणाची सोय नव्हती. सरफोजीराजांनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटास पाठविलेल्या पत्रात त्यांचे सविस्तर वर्णन आहे. रामेश्वरच्या वाटेवर जातीभेद न पाहता वाटसरूंना अन्न मिळे, वैद्य असे आणि शिक्षकही असे. परक्या वाटसरूंची पोरकी झालेली मुले या शिक्षकाच्या स्वाधीन होत. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून स्नान, आणि जी विद्या शिकण्याची आवड मूल दाखवील ती शिकविण्याची व्यवस्था. कोठून कोठून आलेली, निरनिराळ्या बोलींची ती मुले एका पडवीत शेजारी बसून शिकत असतील. आजच्या ऑनलाइन वर्गाचा विचार करताना मला ती पडवी वारंवार आठवते.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि लाखो मुलांचा वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आला. पुढे शाळा उघडल्या. पण दूरदूरच्या मुलांना एकत्र आणणारे वर्ग पुष्कळ ठिकाणी चालूच राहिले. अशा एखाद्या मराठी लेखनाच्या वर्गाची कल्पना करू. पुणे, नागपूर, बडोदे, इंदूर येथील मुले आहेत आणि तंजावरकडच्या एका जुन्या मराठी घराण्यातील मुलगीही आहे. तिच्या घरी मराठी बोलतात, पण ती तमिळ प्रदेशात दहा पिढ्या मुरलेली मराठी. ‘माझे गाव’ या विषयावर ती लिहिते, ‘आमच्या गावी राजाचे छत्र आहे. तेथे पूर्वी वाटसरू उतरत.’ शिक्षकांनी सर्वांना परस्परांच्या लेखनावर अभिप्राय देण्यास सांगितलेले असते. पुण्याचा एक मुलगा दोन ओळी टाकतो: ‘छत्र राजाच्या डोक्यावर असते. तुला धर्मशाळा म्हणायचे आहे. आधी मराठी नीट शीक.’ चाळीस मुले ते वाचतात, चार जण हसरे चेहरे चिकटवितात, आणि ती मुलगी पुढच्या आठवड्यात काही लिहीत नाही.

या मुलाच्या मनात दुष्टावा होता असे मला वाटत नाही. हेच तो शाळेच्या बाकावर बोलला असता, तर समोरचा चेहरा उतरलेला त्याला दिसला असता आणि ‘अगं, गंमत केली’ असे म्हणून त्याने ते सावरलेही असते. पडद्यावर चेहरा नाही, आवाजाचा चढउतार नाही. आणि बोललेले शब्द हवेत विरतात तसे लिहिलेले विरत नाहीत. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पत्रातील आपला उपरोध वाचणाऱ्यास ओळखू येईल, अशी लिहिणाऱ्यांना मोठी खात्री होती. प्रत्यक्षात निम्म्याहून थोड्याच अधिक वेळा तो ओळखला गेला. लिहिताना आपलाच आवाज आपल्या कानात घुमत असतो. वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो.

सहाध्यायाने सहाध्यायास शिकविणे ही कल्पना मात्र या यंत्रयुगाची नव्हे. तमिळ प्रदेशातील तिण्णै शाळांत, म्हणजे ओसरीवरील शाळांत, वडीलधारा विद्यार्थी धाकट्यांचे पाठ घेई; त्यास चट्टांपिळ्ळै म्हणत. मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथालय चालविणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले आणि मुलांकडूनच मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली. तिचा वृत्तांत त्यांनी 1797 साली लंडनला छापला, आणि दक्षिणेतील ती रीत ‘मद्रास पद्धत’ या नावाने इंग्लंडभर गेली. तेथे जोसेफ लँकेस्टर यांनी अशाच पद्धतीच्या शाळा काढल्या. छडीला त्यांचा विरोध होता. पण चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे, किंवा त्याला टोपलीत घालून छताशी टांगणे, यात त्यांना गैर वाटले नाही. अंगावर वळ उठू नयेत याची काळजी घेणाऱ्या या गृहस्थांना चारचौघांतील हसे हा मारच आहे हे उमगले नाही! चाळीस जणांच्या चॅटमध्ये एकट्या मुलीची चूक टांगून ठेवणे हे त्या टोपलीहून फारसे वेगळे नाही.

मग अभिप्राय द्यावा कसा? ‘छान’, ‘सुंदर’ एवढेच लिहून मोकळे होणे हा काही आदर नव्हे. ते लेखन वाचलेच नाही याची ती बहुधा कबुली असते. क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी 1996 साली अभिप्रायांविषयीचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायानंतर काम सुधारण्याऐवजी बिघडल्याचे आढळले. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडे वळले की असे होते, असा त्यांचा अर्थ आहे. ‘तुझे लेखन विस्कळीत असते’ हे वाक्य माणसाविषयी आहे. त्यावर मुलाने करावे काय? ‘दुसऱ्या परिच्छेदात विहिरीचे वर्णन चालले होते, तिसऱ्यात एकदम जत्रा आली, मधला दुवा मला सापडला नाही’ हे वाक्य कागदाविषयी आहे, आणि ते वाचून मूल पुन्हा लेखणी उचलू शकते. दुसरे वाक्य पहिल्याहून मऊ आहे असे नव्हे. उलट ते अधिक काटेकोर आहे. ते लिहिण्यासाठी दुसऱ्याचे लेखन दोनदा वाचावे लागते, आणि खरा आदर त्या दुसऱ्या वाचनातच आहे.

मराठीत आणखी एक बारीक अडचण आहे. अनोळखी सहाध्यायास ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? एकमेकांना कधी न पाहिलेल्या मुलांनी आरंभी ‘तुम्ही’ म्हणावे, मैत्री झाल्यावर ‘तू’ आपोआप येतो. ‘आपण’ मात्र जपून वापरावा. ‘आपण फारच विद्वान दिसता’ या वाक्यात किती विष असते ते मराठी माणसास सांगावयास नको. शुद्धलेखनाच्या बाबतीत तर घाई करूच नये. मोबाइलच्या कळपट्टीवर ‘ण’ चा ‘न’ आणि ऱ्हस्वाचे दीर्घ कधी यंत्रच करून ठेवते. शिवाय किरकोळ चूक खासगी निरोपात कळवावी; सर्वांच्या उपयोगाचा मुद्दा असेल तोच सर्वांसमोर मांडावा.

स्वीकारणाऱ्याकडेही काही कर्तव्य येते. टीकेचे उत्तर त्याच घटकेला देऊ नये. इंटरनेटवरील शिष्टाचाराची एक जुनी नियमावली 1995 साली निघाली. पाठविताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार, असा तिचा आशय होता. बाकीचे आचार, म्हणजे आपला माइक बंद ठेवणे, दुसऱ्याचे बोलणे न तोडणे, हे सर्वांना ठाऊक आहेत. एक मात्र सांगावेसे वाटते: कॅमेरा सुरू करण्याचा हट्ट कोणी कोणास करू नये. एका खोलीच्या घरात पाठीमागे आजी निजलेली असते, चूल पेटलेली असते. ते जगाला दाखवावे की नाही हे त्या मुलाने ठरवावे.

आणि शिक्षकांनी? ‘अभिप्राय द्या’ एवढे म्हणून त्यांची सुटका होत नाही. पहिला अभिप्राय त्यांनी स्वतः सर्वांसमोर, तोही स्वतःच्याच एखाद्या जुन्या लेखनावर, लिहून दाखवावा. मुले उपदेशापेक्षा नमुना लवकर उचलतात.

आता त्या ‘छत्रा’कडे वळू. पुण्याच्या मुलाने ‘मराठी नीट शीक’ असे न लिहिता ‘छत्र हा शब्द तुम्ही येथे कोणत्या अर्थाने वापरला आहे?’ एवढेच विचारले असते, तर त्या मुलीने ओरत्तनाडुची गोष्ट सांगितली असती. मग कोणीतरी म्हणाले असते, ‘अरे, आपणही अक्कलकोटास अन्नछत्रात जेवतो की!’ तिचा शब्द चुकलेला नव्हताच. तमिळमध्ये ज्याला ‘चत्तिरम्’ म्हणतात तोच हा शब्द. महाराष्ट्रात तो ‘अन्ना’स जोडून राहिला, तंजावरकडे एकटा राहिला. त्या दिवशी वर्गातील चाळीसही मुले मराठीचा एक शब्द अधिक शिकली असती, आणि पुढच्या आठवड्यात बहुधा तिचाच निबंध सर्वांआधी आला असता.