भाताच्या पेशींतील पहारेकरी



मुळशी तालुक्यांतील आंबेमोहोर तांदूळ पुण्यांतील घराघरांत परिचित आहे. त्याच्या सुवासाचें कौतुक आपण करतों. परंतु तो पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा एक दोष फार जाचतो. हें भात उंच वाढतें, आणि लोंब्या भरल्या कीं वाऱ्यापावसानें खाचरांत लोळतें. तें इतकें उंच कां वाढतें, या प्रश्नाचा शोध घेत गेल्यास आपण पेशींतील एका निरोधक प्रथिनापाशीं येऊन पोहोंचतों.

जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याची लिहून ठेवलेली कृति. प्रत्येक पेशींत अशा हजारों कृति असतात. पण हवी तेवढीच, हवी तेव्हां उतरवून घेतली जाते. या उतरवून घेण्यास प्रतिलेखन म्हणतात, व तें अडवून धरणाऱ्या प्रथिनास निरोधक. ही कल्पना १९६१ सालीं पॅरिस येथील फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनीं जिवाणूंवरील प्रयोगांवरून मांडली. दुधांतील साखर मिळत नाहीं तोंवर ती पचविण्याचीं जनुकें निरोधक अडवून बसतो. साखर आली कीं त्याची पकड सुटते.

भातांतही असा एक पहारेकरी आहे. शास्त्रज्ञ त्यास एस्. एल्. आर्. १ म्हणतात. तो स्वतः जनुकावर बसत नाहीं. जनुकें जागीं करणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतो, आणि त्यामुळें वाढ रोखली जाते. त्याला दूर करणारें द्रव्य म्हणजे जिबरेलिन. १९२६ सालीं एइइची कुरोसावा या जपानी संशोधकानें, एका बुरशीच्या स्रावानें भाताचीं रोपें अवाजवी उंच होतात, असें दाखविलें. त्या स्रावांत हेंच द्रव्य होतें. भाताचें रोप तें स्वतःही बनवितें. जिबरेलिन आलें कीं पेशी या पहारेकऱ्याचाच नाश करते, आणि खोड वाढूं लागतें.

फिलिपाइन्समध्यें १९६६ सालीं प्रसृत झालेल्या आय. आर. ८ या जातींत जिबरेलिन बनविणारें एक जनुक सदोष आहे. जिबरेलिन थोडें, म्हणून पहारेकरी शिल्लक राहतो आणि खोड ठेंगणें राहून उभें टिकतें. याच जातीचा आंबेमोहोर १५७ शीं संकर करून वडगांव मावळ येथील संशोधन केंद्रानें १९८७ सालीं इंद्रायणी दिली. पिकविणाऱ्यास ती सोयीची ठरली, आणि आंबेमोहोराचीं खाचरें कमी होत गेलीं.

तर मग सुवास हवा असेल तर पीक लोळूं द्यावें, हाच एक मार्ग आहे काय? तसें नाहीं. उंचीचें हें जनुक व सुवासाचें जनुक भाताच्या निरनिराळ्या गुणसूत्रांवर आहेत. म्हणून ठेंगण्या खोडावर आंबेमोहोराचा पूर्ण सुवास आणणें निसर्गनियमाच्या विरुद्ध नाहीं. त्यासाठीं पिढ्यान् पिढ्या चिकाटीनें निवड करावी लागेल. मात्र तोंवर जुनें बियाणें कोणीतरी पेरीत राहिलें पाहिजे. कारण जें जनुक शेतांतून नाहींसें झालें, तें कोणत्याही पहारेकऱ्यास हटवून परत मिळणार नाहीं.