रांगेतले टपाल आणि कारभाराचा पालट

सेंडमेल उतरवून त्याच्या जागी पोस्टफिक्स बसवावयाचे ठरले, की रांगेत खोळंबलेल्या पत्रांचे काय होणार ही चिंता व्यवस्थापकास लागते, आणि ती लागावी हेच योग्य. कारण ज्या क्षणी सर्व्हरने '250' या अंकाने पोच दिली, त्या क्षणी पत्राची सारी जबाबदारी त्याच्या माथी आली, आणि पाठवणाऱ्या यंत्राने आपली प्रत तेव्हाच निकालात काढली. परंतु या चिंतेपोटी जे उपाय सर्रास योजले जातात, त्यांच्या मुळाशी काही गैरसमज आहेत.

जुन्या रांगेतील फाइली उचलून नव्या रांगेत ठेवल्या म्हणजे पत्रे आपोआप मार्गस्थ होतील, हा त्यांतला सर्वांत रूढ. वस्तुतः दोन्ही दप्तरांची मांडणीच भिन्न आहे. बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी 1980 च्या दशकारंभी रचलेले सेंडमेल प्रत्येक पत्राच्या दोन फाइली करते: 'डीएफ'मध्ये नुसता मजकूर, आणि 'क्यूएफ'मध्ये लखोट्यावरचे पत्ते व शीर्षओळी. वीत्से वेनेमा यांचे 1998 साली प्रसिद्ध झालेले पोस्टफिक्स मात्र सारे पत्र एकाच फाइलीत, स्वतःच्या नोंदपद्धतीने ठेवते, आणि त्या फाइलीच्या नावात तिचा डिस्कवरील आयनोड क्रमांकही गुंफते. एकाचे दप्तर दुसऱ्यास वाचताच येत नाही.

मग कोणी म्हणतो, पत्रे उलगडून शीर्षओळींवरून पुन्हा पाठवून द्यावी. हा सल्ला मला अधिक घातक वाटतो. समजा, एक पत्र तिघांच्या नावे निघाले, दोघांस मिळाले आणि तिसऱ्याचा सर्व्हर बंद असल्याने त्याच्यापुरते अडकून राहिले. 'क्यूएफ' फाइल उघडून पाहावी, तर 'आर' या अक्षराने सुरू होणारी पत्त्याची ओळ आता एकच उरलेली दिसते; पत्राच्या 'टू' ओळीत मात्र तिन्ही नावे जशीच्या तशी असतात. शीर्षओळी प्रमाण मानून ते पुन्हा पाठवले, तर दोघांस तेच पत्र दुसऱ्यांदा जाईल. आणि ज्यास गुप्त प्रत पाठवली होती त्याचे नाव शीर्षओळींत मुळातच नसल्यामुळे त्याला ते कधीच मिळणार नाही. लखोटा हाच खरा हुकूम. आतला मायना नव्हे.

तेव्हा बिनधोक मार्ग एकच: ज्याची रांग, त्यानेच ती उपसावी. पोस्टफिक्सच्या स्थापनेच्या सूचनाही हेच सांगतात, की जुन्या सेंडमेलच्या नावापुढे 'ऑफ' जोडून ते बाजूस ठेवावे, पुसून टाकू नये, आणि अडकलेली पत्रे त्याच्याच हातून रवाना करावी. पंचविसाव्या पोर्टाचा ताबा पोस्टफिक्सने घ्यावा. सेंडमेलने नवे काही न स्वीकारता दर अर्ध्या तासाने केवळ जुनी रांग चालवावी.

रांग रिकामी दिसली म्हणजे काम आटोपले, असेही मानू नये. सेंडमेलच्या 8.12 या आवृत्तीपासून त्याच यंत्रावरील प्रोग्रामांनी सोपवलेली पत्रे 'एमक्यू'ऐवजी 'क्लायंटएमक्यू' या निराळ्या डिरेक्टरीत साठतात, आणि रात्रीच्या क्रॉनचे अहवाल नेमके तेथे विसरले जातात.

सर्व्हर तासभर बंद ठेवला तर बाहेरून येणारे टपाल बुडेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. ते पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबते, आणि प्रमाण संकेतानुसार किमान चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न होत राहतात. मुदत संपण्याचा खरा धोका आपल्याच रांगेस असतो: सेंडमेलची प्रचलित मुदत पाच दिवसांची, आणि ती पत्र दाखल झाल्या वेळेपासून मोजली जाते. जुनी रांग आठवडाभर तशीच गोठवून ठेवली आणि मग चालवली, तर जे पत्र त्या पहिल्या फेरीत पोहोचले नाही, ते पुढची संधी न मिळता पाठवणाऱ्याकडे परत जाते.