मगरिबेकडून आलेला गरीब

‘अजीबोगरीब’ हा हिंदीतला रोजचा शब्द. अर्थ विचित्र, चमत्कारिक. त्यातला ‘अजीब’ कळतो, पण ‘गरीब’ तिथे काय करतोय?

तो तिथे आपला मूळ अर्थ राखून बसलाय. अरबीत ‘गरीब’ म्हणजे आजही परका किंवा विचित्र. पैशाअडक्याचा त्यात मागमूस नाही. धातू ग-र-ब: दूर जाणं, मावळणं. सूर्य मावळतो ती दिशा मगरिब. सूर्यास्तानंतरची नमाजही मगरिब. आणि अरब जगाच्या पार पश्चिम टोकाला असलेल्या मोरोक्कोचं अरबी नाव अल-मगरिब! आपल्या माणसांपासून दूर गेला तो गरीब. परमुलखात त्याला ना ओळखपाळख, ना छप्पर, ना उधार देणारा वाणी. फारसीमार्गे आपल्याकडे रुळेपर्यंत या परक्याचा कंगाल झाला. मराठीने तर त्याला आणखी मऊ केलं. आपल्याकडे श्रीमंताघरचा मुलगाही स्वभावाने गरीब असू शकतो.

उर्दूने जुनी ओळख अजून पुरती टाकलेली नाही. करबलाच्या लढाईनंतर मागे उरलेल्या बायकामुलांच्या आठवणीत, मोहरमच्या दहाव्या दिवशी सूर्यास्तानंतर शोकसभा भरते. तिचं नाव ‘शाम-ए-गरीबां’. घरादारापासून तुटलेल्यांची ती संध्याकाळ.

अरबीतूनच आलेला ‘मुकाबला’ तर थेट गणिताच्या वर्गातून उठून आल्यासारखा वाटतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने समीकरणं सोडवण्यावर ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या नावातच ‘अल-जब्र’ आणि ‘अल-मुकाबला’ आहेत. वजा असलेली राशी पलीकडे नेऊन तूट भरून काढायची, हे जब्र. दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी समोरासमोर आणून उडवायच्या, हा मुकाबला. पहिल्यातून अल्जिब्रा जन्मला, दुसरा क्रिकेटच्या हिंदी समालोचनात स्थिरावला. जब्र म्हणजे मोडलेलं पुन्हा बसवणं. स्पेनमध्ये हाडवैद्याला चक्क ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. त्याच धातूत जोर लावण्याचाही अर्थ आहे, म्हणून ‘मजबूर’ हे त्याचंच भावंड. शाळेत बीजगणिताने छळलेल्यांना हे नातं पटवून द्यावं लागणार नाही.

‘दाम’ मात्र आला ग्रीसहून. ग्रीकांचं नाणं द्राख्मा. संस्कृतात त्याचं झालं द्रम्म, प्राकृतात दम्म, पुढे दाम. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचं नाणं होतं, 40 दामांचा एक रुपया. दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं एखाद्या चिक्कू माणसाबद्दल म्हणताना आपण ग्रीकांचं नाणं वाजवत असतो. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, या आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमातही तेच नाणं.

आणि खुद्द ‘हिंदी’? हा शब्द फारसी. संस्कृत ‘स’च्या जागी फारसीत ‘ह’ येतो; सिंधूचं हिंद झालं, हिंदची ती हिंदी. ‘सप्त’ आणि ‘हफ्त’ही तसेच सख्खे भाऊ, म्हणून आठवड्याला हिंदीत सप्ताहही म्हणतात आणि हफ्ताही. ‘उर्दू’ तुर्की. अर्थ लष्कराची छावणी. इंग्रजीतला ‘होर्ड’ त्याच्याच नात्यातला. एका भाषेचं नाव फारसीने दिलं, दुसरीचं तुर्कीने, आणि भांडण मात्र शुद्ध कोण यावर! मला तरी हा वाद हास्यास्पद वाटतो.

या शोधाचा नाद लागलाच तर ऐकीव व्युत्पत्तींवर विसंबू नका; त्या बहुधा मागाहून रचलेल्या असतात. जॉन प्लॅट्सचा 1884 चा उर्दू-हिंदी कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. सुरुवातीला ‘तनख्वाह’ काढून बघा.