सहा जणांचा एक सांगाडा

संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर काय करतो? कोलकात्याच्या बराकपूर ट्रंक रोडवरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत हा प्रश्न सहज पडतो, कारण तिथल्या भूशास्त्र संग्रहालयात ‘बारापासॉरस टागोरेई’ उभा आहे. उत्तर संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या स्वभावात सापडते. माणसांच्या शरीरांची मापे घेता घेता त्यांनी आपले गणित घडवले. हाडांचे त्यांना वावडे असण्याचे कारणच नव्हते. लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना त्यांनी १९५०च्या दशकात बोलावले आणि आकडेमोडीच्या घरात जीवाश्मांचा संसार सुरू झाला.

शोध लागला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, पोचमपल्ली गावाजवळ. तिथल्या खडकांच्या थराला सिरोंचाजवळच्या कोटा गावाचे नाव आहे, म्हणजे आपल्या गडचिरोलीचे. बहुतेक हाडे १९६१च्या सुमारास निघाली. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून नावात टागोर. ‘बारापा’ मात्र मांडीच्या हाडावरून: जवळपास माणसाच्या उंचीचे हाड पाहून ‘मोठा पाय’ याहून वेगळे काय सुचणार? शास्त्रीय नामकरण १९७५ साली झाले.

प्राणी शाकाहारी, लांब मानेचा, सुमारे १४ मीटर लांबीचा, आणि जवळजवळ १८ कोटी वर्षांपूर्वीचा. नंतरच्या अजस्र भाऊबंदांपेक्षा याचे पाय सडपातळ.

पण सांगाड्यासमोर उभे राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्खननात पूर्ण जनावर कधी मिळाले नाही. किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे, जाडजूड झाडांच्या खोडांमध्ये मिसळून पडलेली. बहुधा एखाद्या महापुराने कळपच वाहून आणला असावा. त्यातून जुळवाजुळव करून हा एक देह उभा केला. म्हणजे असा नेमका प्राणी कधी चाललाच नाही. मला यात फसवणूक वाटत नाही. उलट कुठले हाड कुणाच्या शेजारी बसेल हे ठरवण्यातच खरी विद्या आहे. जगभरातल्या कित्येक संग्रहालयांत साच्यातून काढलेल्या प्रतिकृती असतात. इथे बरीचशी हाडे अस्सल आहेत.

डोके मात्र नाही. काही दात मिळाले, कवटी हाती लागली नाही. मानेच्या टोकाशी जे दिसते ते नातेवाइकांवरून बांधलेला अंदाज आहे. याच कोटा थरातला ‘कोटासॉरस’ हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. त्याच्यासाठी निदान बारा प्राण्यांची हाडे मिळाली होती. कवटी त्याचीही सापडलेली नाही.