मॉस्फेट उडतो तेव्हा

इन्व्हर्टर बंद पडला की गिऱ्हाईक आधी बॅटरीला दोष देतं. बॅटरी बऱ्याचदा ठणठणीत असते. झाकण काढलं की हीटसिंकवर तीन पायांच्या काळ्या नगांची रांग दिसते. त्यातल्या एकाला तडा गेलेला, शेजारी काजळी. आमच्या भाषेत 'मॉस्फेट उडाला'. सांगलीत इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्यांची निम्मी रोजीरोटी याच नगावर चालते.

12 व्होल्टच्या बॅटरीतून 600 वॉट काढायचे म्हणजे 50 अँपिअर, आतली घट धरून साठच्या आसपास. एवढा प्रवाह सेकंदाला 50 वेळा जोडायचा आणि तोडायचा. रिले लावला तर त्याची टोकं ठिणग्यांनीच जळून जातील. जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या बेसला सतत प्रवाह पाजत बसावं लागतं. मॉस्फेटची गेट मात्र ऑक्साइडच्या पातळ थराने बाकीच्या भागापासून तोडलेली असते. तिथे नुसतं व्होल्टेज दिलं की ड्रेन आणि सोर्स या बाकीच्या दोन पायांमधली वाट उघडते. बेल लॅब्जमध्ये अटाला आणि कांग यांनी 1959 मध्ये हा प्रकार करून दाखवला. तोच थर त्याचं नाजूक अंगही आहे: गेटवर 20 व्होल्टच्या वर गेलात की तो फुटण्याचा धोका असतो. हाताच्या स्थिर विजेनेही तो जाऊ शकतो, म्हणून मी सुटे नग वीजवाहक काळ्या फोममध्येच खोचून ठेवतो.

इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात. आयआरएफ 3205 या मॉस्फेटच्या गेटला अर्डुइनो बोर्डाचे 5 व्होल्ट थेट दिलेले, आणि तक्रार अशी की 'नग डुप्लिकेट आहे'. डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे हे खरं, पण इथे दोष गेटच्या व्होल्टेजचा. डेटाशीटवर 2 ते 4 व्होल्ट लिहिलेले असतात, तिथे नग फक्त उघडायला लागतो, तोही मिलिअँपिअरच्या पाव भागासाठी. पूर्ण उघडायला 10 व्होल्ट हवेत. पूर्ण उघडला की त्याचा रोध 8 मिलिओम. 15 अँपिअरला उष्णता दोन वॉटच्याही आत. अर्धवट उघडा राहून त्याच्यावर 4 व्होल्ट पडले तर तेच 15 अँपिअर 60 वॉट उष्णता करतात. माझं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं आहे! घाटात अर्धा क्लच दाबून गाडी चालवली की प्लेट जळते, तसाच हा प्रकार. थेट 5 व्होल्टवरच चालवायचं तर आयआरएलझेड 44 एनसारखा लॉजिक लेव्हलचा नग घ्यावा.

याच डेटाशीटवरचा दुसरा फसवा आकडा 110 अँपिअरचा. तो अंग 25 अंशांवर थंड ठेवलं तरचा हिशेब आहे. त्याचं आवरण आणि पाय 75 च्या पुढचा प्रवाह पेलतच नाहीत. हीटसिंक नसेल तर दर वॉटमागे आतलं तापमान साठेक अंश चढतं. त्यामुळे मी अँपिअरचा आकडा बाजूला ठेवून आधी वॉट मोजतो. साठ अँपिअरला म्हणूनच एका बाजूला चार नग समांतर लावतात. ते भार आपसात बऱ्यापैकी वाटून घेतात, कारण तापलेल्याचा रोध वाढतो आणि प्रवाह शेजाऱ्यांकडे वळतो. मॉस्फेटने डीसी मोटर किंवा पंप चालवायचा असेल तर त्याच्या टोकांवर उलटा डायोड हवाच; बंद करताना कॉइल जो व्होल्टेजचा झटका मारते तो नगाला सोसत नाही.

आता तुमच्या कामाचं. इन्व्हर्टर भिंतीला टेकवून, वर कपडे टाकून ठेवू नका आणि बॅटरीची टोकं ढिली राहू देऊ नका. दुरुस्तीवाला फुटलेला एकच नग बदलत असेल तर त्याला थांबवा. एक शॉर्ट झाला की त्या रांगेतल्या बाकीच्यांनीही मार खाल्लेला असतो, गेटचे रेझिस्टर बहुधा जळालेले असतात. पूर्ण रांग एकाच लॉटची बदलून घ्या. मग बॅटरीच्या वायरीत गाडीच्या हेडलाइटचा 12 व्होल्टचा बल्ब सीरिजला लावून, लोड न देता चालू करायला सांगा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. तेव्हा पैसे देऊ नका.