हवाई रुग्णवाहिकेतील वैद्यकीय सॅक : टिकाऊपणाचे निकष

प्रस्तावना
हवाई रुग्णवाहिका म्हटली की हेलिकॉप्टर व त्यातील यंत्रसामग्री डोळ्यांसमोर येते. परंतु डोंगराळ भागात हेलिकॉप्टर अनेकदा रुग्णापासून काही अंतरावर उतरते. तेथून पुढे डॉक्टर व परिचारक पाठीवर जे वाहून नेतील, तेवढ्याच साधनांनी उपचार सुरू होतात. ऋषिकेश येथील 'एम्स'ची 'संजीवनी' ही हेलिकॉप्टर सेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. अशा पथकाची सॅक निवडताना 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कापड व शिवण
खरेदी करताना सामान्यतः कापडाचा डेनियर पाहिला जातो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. १,००० डेनियरचे नायलॉन घर्षणाला चांगले टिकते. तथापि सॅक कापडाच्या मध्यभागी क्वचितच फाटते. ती शिवणीत उसवते, पट्ट्याच्या मुळाशी तुटते किंवा तिची चेन निकामी होते. म्हणून भार पेलणाऱ्या जागी दुहेरी शिवण व दाट आडवे टाके आवश्यक ठरतात. चेनची ओढणी हातमोजे घालूनही पकडता आली पाहिजे.

स्वच्छता
रक्ताने माखलेली सॅक प्रत्येक फेरीनंतर जंतुनाशकाने पुसावी लागते. सोडियम हायपोक्लोराइटमुळे नायलॉनचा धागा हळूहळू दुर्बल होतो. पॉलिएस्टर त्यास अधिक दाद देत नाही. यास्तव बाह्य पृष्ठभाग गुळगुळीत लेपाचा असावा आणि आतील कप्पे काढून धुता यावेत.

उंची, वजन व सुरक्षितता
केदारनाथ सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश असतो. बॉइलच्या नियमानुसार बंद पाकिटातील हवा तेथे सुमारे दीडपट जागा व्यापते. त्यामुळे हवाबंद निर्जंतुक पाकिटे फुगतात व ठासून भरलेल्या कप्प्याची चेन ताणली जाते. कप्प्यांत मोकळी जागा ठेवणे हाच यावर उपाय होय. विरळ हवेत हेलिकॉप्टरची भार उचलण्याची क्षमताही घटते. परिणामी केवळ जाड कापडाने वाढलेले वजन येथे लाभाचे ठरत नाही.

मे २०२५ मध्ये केदारनाथ येथे उतरताना 'संजीवनी'च्या हेलिकॉप्टरला अपघात झाला. आतील तिघेही सुखरूप राहिले. अशा धक्क्यात न बांधलेली जड सॅक शेजारी बसलेल्यावर आदळू शकते. त्यामुळे सॅकला मजबूत कड्या असणे आणि ती हेलिकॉप्टरात ठरलेल्या जागी बांधता येणे, हा टिकाऊपणाचाच भाग मानावा. लोंबणारे पट्टे मात्र नसावेत.

रचना
श्वासमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण यांसाठी वेगवेगळ्या रंगांचे कप्पे ठेवल्यास वस्तू शोधण्यात वेळ जात नाही. पथकातील सर्व सॅकमधील क्रम एकच असावा.

समारोप
किमान दराच्या निविदेत वरील गुण सहसा दिसून येत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी नमुना पूर्ण वजनाने भरावा, जंतुनाशकाने वारंवार पुसावा, नंतर त्याची शिवण, चेन व कड्या तपासाव्यात आणि ज्यांना तो वापरायचा आहे त्या परिचारकांचे मत नोंदवावे. वस्त्रशास्त्र, भौतिकशास्त्र व वैद्यक या तिन्ही शाखांचा येथे संबंध येतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत अशा चाचण्या सहज घेता येतील. स्वस्त चेनमुळे वाचलेली रक्कम अल्प असते. ती चेन ऐनवेळी अडकल्यास वाया जाणारी मिनिटे रुग्णाची असतात.