दाराशी ठेवलेली किल्ली

२०२४ च्या मार्चमध्ये आम्ही उभयता लेकीकडे कॅनडात गेलो. टोरोंटोला लागूनच मिसिसागा नावाचं शहर आहे, तिथं तिचं घर. पहिल्या रात्री जेवणं आटोपली. जावयांनी खालचे दिवे मालवले, मोटारीची किल्ली एका काळ्या पाकिटात घातली आणि दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, पितळी ताटलीत ठेवून दिली. मग ते वर झोपायला गेले. मला काही चैन पडेना. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस मी. किल्ली अशी उघड्यावर? हळूच खाली गेलो, पाकीट उचललं आणि जुन्या सवयीनं उशाखाली घेऊन झोपलो.

सकाळी घरात धावाधाव. ‘बाबा, किल्ली पाहिलीत का?’ मी मोठ्या ऐटीत ती काढून दिली. शाबासकी राहिली बाजूलाच, लेकीचा चेहरा उतरला.

‘बाबा, ती खालीच राहू द्यायची. रात्री कुणी शिरलंच घरात, तर ते किल्लीसाठी शिरेल. ती शोधत ते वर यायला नको. आणि तुमच्या उशापर्यंत तर मुळीच नको.’

मी थक्क झालो. चोरासाठी ताटलीत किल्ली मांडून ठेवायची, म्हणजे नैवेद्यच की!

पण त्याच आठवड्यात तिथल्या वर्तमानपत्रांत हाच विषय गाजत होता. टोरोंटोच्या एटोबिकोक भागातल्या एका सभेत एका पोलिसानं नागरिकांना सल्ला दिला होता, की किल्ल्या दाराजवळ ठेवा, म्हणजे चोर त्या घेऊन निघून जातील आणि तुमच्या जिवाला धोका होणार नाही. लोक खवळले. पोलिसांनीच हात टेकले, तर आम्ही कुणाकडे जायचं? अखेर पोलीस दलाला खुलासा करावा लागला, की सल्ला सद्‌भावनेनं दिलेला असला तरी चोऱ्या टाळण्याचे दुसरेही मार्ग आहेत.

प्रकरण इथवर आलं कसं, हे मी जावयांकडून समजून घेतलं. पूर्वी मोटार चोरायची तर वायरी जोडून इंजिन चालू करता येई. ते थांबावं म्हणून कॅनडानं सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना असं यंत्र सक्तीचं केलं, की खरी किल्ली जवळ असल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ नये. पुढं खिशातून न काढताच काम करणाऱ्या किल्ल्या आल्या. मग चोरांनी घराबाहेर उभं राहून, भिंतीपलीकडच्या किल्लीचा संदेश पकडून तो मोटारीपर्यंत पोचवण्याची युक्ती काढली. त्यावर तोडगा म्हणून लोक संदेश अडवणारी पाकिटं वापरू लागले. जावयांचं ते काळं पाकीट म्हणजे त्यातलंच एक. चोरांच्या आणखीही युक्त्या आहेत, पण काहींनी सरळ दार फोडून आत यायला सुरुवात केली.

तिजोऱ्यांच्या सहवासात राहिलेल्या मला यातलं मर्म लगेच कळलं. कुलूप पक्कं झालं की चोराची नजर किल्लीवर जाते. आणि किल्ली जपून ठेवली की किल्लीवाल्यावर जाते.

टोरोंटो शहरात २०२३ या एका वर्षात बारा हजारांवर मोटारी चोरीला गेल्या. हिशेब मांडला तर पाऊण तासाला एक! त्यातल्या कितीतरी कंटेनरमध्ये भरून जहाजानं परदेशी रवाना होत. आम्ही तिथं असतानाच, एप्रिलच्या सुरुवातीला, मॉन्ट्रियल बंदरावर चोरीच्या ५९८ मोटारी पकडल्याचं पोलिसांनी जाहीर केलं.

लेकीच्या गल्लीतलीच एक गोष्ट. चार घरं सोडून राहणाऱ्या गृहस्थांकडे रात्री तीन वाजता दार फुटलं. गृहस्थ तडक खाली धावले आणि झटापटीत त्यांचा हात मोडला. मोटार तर गेलीच. विम्यातून दुसरी आली. त्यांचा लहान मुलगा मात्र अजून दिवा लावल्याशिवाय झोपत नाही. त्याची भरपाई कुठल्या विम्यात बसत नाही.

हे ऐकूनही मी रात्री जेवताना म्हणालो, ‘काही म्हणा, ही शरणागतीच झाली.’

लेक म्हणाली, ‘बाबा, बँकेत असताना तुमच्यावर अशी वेळ आली असती, तर तुम्ही किल्ली दिली असती?’

आणि मला साहेब आठवले.

१९९२ साल. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकाउंटंट होतो. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकीनं कुलूप उघडत नाही. त्या शाखेत एक किल्ली मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी माझ्याकडे. आम्हांला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, की जीव गेला तरी किल्ली सोडायची नाही. मी ती करगोट्याला बांधून झोपत असे.

एका पावसाळी रात्री तिघेजण साहेबांच्या घरात शिरले. साहेबांनी मुकाट्यानं किल्ली काढून दिली. ‘दुसरी कुणाकडं?’ म्हणून त्यांना मारलं. साहेब म्हणाले, ‘तो माणूस किल्ली घेऊन गावाला गेलाय.’ पुन्हा मारलं. त्यांचं उत्तर बदललं नाही. अखेर ते तिघे किल्ली घेऊन अंधारात पसार झाले. त्या एका किल्लीचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. बँकेची एक पै गेली नाही. नागपूरहून तिजोरीवाल्यांचा माणूस आला, त्यानं कुलपाचे लिव्हर बदलले आणि आठवड्यात कारभार सुरळीत झाला.

मी गावाला गेलेलो नव्हतो. दोन गल्ल्या पलीकडे, माझ्या घरात झोपलो होतो.

पुढं चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, ‘मॅनेजरनी किल्ली देताना काही प्रतिकार केला होता का?’ मी सांगितलं, ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही.’ हे खरंच होतं. पण साहेबांची दोन मुलं त्या वेळी शेजारच्याच खोलीत होती आणि मार खाऊनही त्यांनी माझं नाव घेतलं नाही, हेही तितकंच खरं होतं. ते मला कुणी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं नाही. माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं. साहेबांची वेतनवाढ रोखली गेली. मला प्रमोशन मिळालं.

हे मी जेवणाच्या टेबलावर प्रथमच बोललो. सौ.लाही मी सगळं सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळानं लेकीनं विचारलं, ‘तेव्हा मी केवढी होते?’

‘पाच महिन्यांची. पाळण्यात होतीस.’

त्यावर कुणीच काही बोललं नाही.

इतकी वर्षं मी साहेबांना मनातल्या मनात भित्रा समजत आलो, कारण तसं समजणं माझ्या सोयीचं होतं. काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही, हे मात्र त्या रात्री त्यांना नेमकं कळलं होतं. किल्ली दिली, माणूस दिला नाही. बँकेनं किल्लीचा तेवढा हिशेब मागितला.

कायदा काही माणसाला हात बांधून बसायला सांगत नाही. कॅनडात स्वसंरक्षण परिस्थितीला साजेसं हवं, एवढीच अट आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क दिलेला आहे आणि रात्रीच्या घरफोडीत तो आणखी व्यापक होतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा तिथंही नाही. पण हक्क आहे म्हणून तो रात्री तीन वाजता, झोपेतून उठून, हत्यारबंद पोरांपुढं वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे!

मग करायचं काय? लेकीच्या घरात ठरलेलं असं: आवाज आला की सगळ्यांनी नातीच्या खोलीत जमायचं. दार आतून लावायचं. दिवे लावायचे, पोलिसांना फोन करायचा. तिथं ९११, आपल्याकडे ११२. ‘किल्ली खाली आहे, घेऊन जा’ असं वरूनच ओरडायचं. चोर आणि दार यांच्यामध्ये उभं राहायचं नाही, पाठलाग तर नाहीच. अर्थात चोर घरापर्यंत येऊच नये, म्हणून स्टिअरिंगला जाडजूड लोखंडी कुलूप असतंच. किल्लीची जागा मात्र ज्यानं त्यानं आपलं दार पाहून ठरवावी. इंग्लंडात दारालाच टपालासाठी फट असते आणि चोर त्यातून आकडा घालून किल्ली ओढतात. तिथं ती दारापासून लांबच बरी.

आणि लोक खवळले, तेही योग्यच होतं. घरातल्या माणसानं किल्ली सोडणं हा शहाणपणा आहे. पण पोलीस, बंदर आणि मोटारी बनवणारे यांनी मोटार सोडून देऊन चालणार नाही. ओरड झाली म्हणून हालचालही झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावात राष्ट्रीय परिषद भरली होती. त्याच वर्षी हिंसा करून मोटार चोरणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली आणि चोऱ्याही कमी झाल्या. शेवटचा पहारेकरी म्हणून झोपलेल्या कुटुंबाला उभं करायची वेळ येऊ नये, ती अशा कामांनीच टळते.

साहेब २०११ मध्ये गेले. त्यांना पत्र लिहायचं राहून गेलं. भारतात परतल्यावर त्यांच्या मुलाचा पत्ता मिळवला आणि त्या चौकशीत मी काय सांगितलं नाही, ते सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलेलं नाही. ते यावंच, असा माझा हट्टही नाही.

त्या रात्री जावई वर जायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, ‘द्या इकडे, मी ठेवतो.’ पाकीट ताटलीत ठेवलं आणि वर जाऊन झोपलो. छत्तीस वर्षांच्या सवयीनं मध्यरात्री एकदा हात उशाखाली गेलाच. तिथं काही नव्हतं. शेजारच्या खोलीतून नातीच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. कूस बदलली आणि पुन्हा डोळा लागला.